जुनी जीप, नवा रस्ता आणि मागच्या आसाचे गणित

अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतरची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे रेवस बंदर आहे. पलीकडच्या काठावर उरणचे करंजा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने तास-दीड तासात गाठता येणारे हे बंदर रस्त्याने मात्र पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घेऊन शंभराहून अधिक किलोमीटर दूर पडते. त्यामुळे येथील वाहनांचे जग दीर्घकाळ आखूड पल्ल्याचे राहिले. बंदरापासून चोंढीपर्यंत, फार तर अलिबागपर्यंत, पंचवीसेक किलोमीटरची धाव. त्यात मासळीच्या टोपल्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा, बांधकामाची खडी आणि दाटीवाटीने बसलेली माणसे. अशा कामाला जीपसारखे वाहन नव्हते.

गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलले. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारगाड्या वाहून नेणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. घरातील जुनी जीप जपणाऱ्या आणि आठवड्याच्या सुटीला मुंबईहून या किनाऱ्यावर येणाऱ्या हौशी मंडळींना आता ती जीप थेट महामार्गावर न्यावीशी वाटते. तेथेच पहिली अडचण उभी राहते. गाडी साठ किलोमीटरचा वेग घेते आणि इंजिन किंचाळू लागते. सत्तरला बोलणे ऐकू येत नाही. ऐंशीला गाडी जाते, पण इंजिनाची दया येते. अशा वेळी गॅरेजमधून मिळणारा सल्ला ठरलेला असतो : ‘मागचा क्राऊन-पिनियन बदलून टाका.’

हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मागच्या आसाचे गुणोत्तर बदलणे ही जुन्या गाडीवर करता येणारी सर्वांत परिणामकारक सुधारणा आहे आणि अर्धवट केली तर सर्वांत महागात पडणारी चूकही तीच आहे.

गुणोत्तर म्हणजे काय

इंजिनाची फिरण्याची गती गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर येते आणि शाफ्टवरून मागच्या आसातील डिफरन्शियलमध्ये पोहोचते. तेथे शाफ्टच्या टोकाला पिनियन हे छोटे दंतचक्र असते आणि त्याला काटकोनात भिडलेले क्राऊन हे मोठे दंतचक्र. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की जो आकडा येतो, ते त्या आसाचे गुणोत्तर. पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दाते असतील तर गुणोत्तर ५.३८. म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा पूर्ण होतो.

हे आकडे नेहमी अपूर्णांकात असतात, यामागे कारण आहे. ८ आणि ४० अशी जोडी घेतली तर गुणोत्तर सरळ ५ येईल. परंतु पिनियनचा ठरावीक दाता क्राऊनच्या ठरावीक पाच दात्यांनाच पुन्हा पुन्हा भिडत राहील आणि एखाद्या दात्यातील दोष त्याच जागी कोरला जाईल. ८ आणि ४३ यांना सामाईक भाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दाता कालांतराने समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी वाटली जाते.

गुणोत्तराचा आकडा मोठा तेवढी चाकावरची ओढ अधिक आणि वेग कमी. आकडा लहान तेवढा वेग अधिक आणि ओढ कमी. या व्यवहारात फुकट काहीच मिळत नाही. इंजिनाची शक्ती तीच राहते; ती कोणत्या रूपात खर्च करायची एवढेच दात्यांची ही जोडी ठरविते.

अमेरिकेतील मसल कार, इकडची जीप

या विषयावरील बहुतेक तांत्रिक माहिती अमेरिकेतील ‘मसल कार’च्या हौशी मालकांनी जमविलेली आहे. १९६४ मध्ये पाँटिॲकने जीटीओ आणली आणि मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसविण्याची लाट सुरू झाली. या गाड्या कारखान्यातूनच निरनिराळ्या गुणोत्तरांचे आस घेऊन येत. रोजच्या प्रवासासाठी ३.०८ किंवा त्याहून कमी. पाव मैलाच्या शर्यतीसाठी ३.७३, ४.१० किंवा त्याहून अधिक. २६ इंच व्यासाच्या चाकावर, थेट गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला ३.०८ च्या आसावर इंजिनाचे मिनिटाला सुमारे २,४७५ फेरे होतात, तर ४.१० वर सुमारे ३,३००. सिग्नल सुटल्यावर गाडी झेपावावी म्हणून हे मालक लहान आकडा काढून मोठा आकडा बसवितात.

या गाड्या भारतात जवळजवळ आल्याच नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडल्या. आजचा अटल सेतू ज्या शिवडीतून सुरू होतो, तीच ही जागा. परंतु सुटे भाग आणून केवळ जुळणी करण्याऐवजी देशातच उत्पादन करावे, असे धोरण सरकारने स्वीकारल्यावर १९५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथील कारभार आवरला. मसल कारचा जन्म त्यानंतर दहा वर्षांचा. त्या काळापर्यंत आयातीचे दरवाजे बंद झाले होते.

येथे राहिली ती जीप. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली. भाऊचा धक्काही माझगावातच आहे, हा योगायोग रेवसकरांना आवडण्यासारखा आहे. पुढे उंच बॉनेटचे सीजे-३बी हे प्रारूप भारतात दशकानुदशके तयार होत राहिले आणि जीप हा शब्द मराठीत सामान्यनाम होऊन बसला.

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विलिसचे गुणोत्तर ४.८८ होते. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ते वाढवून ५.३८ करण्यात आले, कारण ही गाडी शेतकऱ्याला विकायची होती. तिने नांगर ओढावा, ट्रेलर ओढावा, चिखलातून संथ चालावे, ही अपेक्षा होती. त्यामुळे मसल कारचा मालक ज्या दिशेने निघतो, त्याच्या नेमक्या उलट दिशेने जीपच्या मालकाला जावे लागते. त्याला मोठा आकडा काढून लहान आकडा हवा असतो.

आकड्यांचा हिशेब

जुन्या जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर धरता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला हे चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे करते. शेवटचा गिअर थेट, म्हणजे एकास एक असल्याने इंजिनाचे फेरे काढण्यासाठी या आकड्याला आसाच्या गुणोत्तराने गुणले की झाले. ५.३८ च्या आसावर ते सुमारे ३,२६० येतात, ४.८८ वर २,९५०, ४.२७ वर २,५९० आणि ३.७३ वर २,२६०.

विलिसच्या २.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा दट्ट्या १११ मिलिमीटर एवढा लांब मार्ग वर-खाली करतो. ३,२६० फेऱ्यांना त्याची सरासरी चाल सेकंदाला १२ मीटर होते. जुन्या, झिजलेल्या इंजिनाला ही चाल तासन्‌तास देणे म्हणजे बेअरिंग आणि रिंग यांचे आयुष्य जाळणे होय. याउलट या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याची ताकद, २,००० फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणूनच ४.२७ ची जोडी बसविल्यावर गाडी शांत होते. डिझेल इंजिन बसविलेल्या जीपला हा बदल अधिक मानवतो. मुळात डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करणारे असते आणि ५.३८ च्या आसावर त्याचा श्वास लवकर संपतो.

आता दुसरी बाजू. ५.३८ वरून ४.२७ वर आल्यास प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ एक पंचमांशाने घटते. तीन गिअरच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८ आहे, तर ट्रान्सफर केसचा लो रेंज फेरे आणखी अडीचपट कमी करतो. या तिघांचा गुणाकार ५.३८ च्या आसासह सुमारे ३७ होतो, ४.२७ सह तो २९ वर उतरतो. महामार्गावर हा फरक जाणवत नाही. बोट काढण्यासाठी ट्रेलर उताराच्या धक्क्यावर लावला, भरतीने ओल्या झालेल्या रेतीत चाक रुतले, किंवा भरलेली गाडी कार्ल्याच्या खिंडीत चढावर थांबून पुन्हा सुटायची झाली, की तो तत्काळ कळतो. मग क्लच अर्धा दाबून गाडी ओढली जाते आणि इंजिनाचे वाचलेले पैसे क्लच प्लेटवर खर्च होतात.

३.७३ चा मोह याहून घातक. जीपचे तोंड सपाट, भिंतीसारखे आहे. हवेचा अवरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सत्तरेक अश्वशक्तीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला अटल सेतूवर समोरचा वारा असताना ३.७३ च्या आसावर शेवटचा गिअर ओढवत नाही. चालक खालच्या गिअरमध्ये येतो आणि इंजिन पुन्हा पहिल्यासारखे किंचाळू लागते. कागदावर शांत दिसणारे गुणोत्तर रस्त्यावर अशांत ठरते.

पुढचा आस विसरू नये

मसल कारच्या पुस्तकातून जीपचा हिशेब करणाऱ्याची सर्वांत मोठी चूक येथे होते. मसल कारला इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांना असते. पुढची चाके केवळ वळतात. जीपमध्ये पुढच्या आसातही क्राऊन-पिनियन असते, आणि फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्टना एकाच गतीने जखडून टाकते.

मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ अशी स्थिती ठेवली तर शाफ्टच्या एकाच फेऱ्यात मागची चाके पुढच्यांपेक्षा सव्वापट अंतर कापू पाहतात. डांबरी रस्त्यावर हे शक्य नसते. टायर फरफटतात, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो आणि शेवटी जे सर्वांत दुबळे असेल ते तुटते : जॉइंटचा क्रॉस, ट्रान्सफर केसचे दंतचक्र किंवा पुढच्या आसाचा शाफ्ट. केवळ टू-व्हीलमध्ये गाडी चालविल्यास पुढचा आस मोकळा असल्याने हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. नेमका पावसाळ्यात, चिखलात, गरजेच्या क्षणी कोणी फोर-व्हीलची दांडी ओढतो आणि तो उघड होतो.

म्हणून चार चाकांच्या ओढीची गाडी असेल तर दोन्ही आसांचे गुणोत्तर एकाच वेळी, सारखेच बदलावे. खर्च दुप्पट होतो. त्याला पर्याय नाही. जुनी गाडी विकत घेतानाही दोन्ही आसांची गुणोत्तरे मोजूनच व्यवहार करावा.

मोजायचे कसे

डिफरन्शियलचे झाकण उघडून दाते मोजणे हा खात्रीचा मार्ग. न उघडता मोजायचे झाल्यास मागची दोन्ही चाके उचलावीत, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करावी. दोन्ही चाके एकदम एक फेरा फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत. पाचाहून थोडे अधिक झाले तर ५.३८, पाचाला किंचित कमी पडले तर ४.८८, सव्वाचार झाले तर ४.२७. एकच चाक उचलले असेल तर त्या चाकाला दोन फेरे द्यावे लागतात, कारण डिफरन्शियल स्थिर चाकाचा वाटा मोकळ्या चाकाकडे वळविते.

गाडी जॅकवर असताना हँडब्रेकवर विसंबू नये. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो. एक मागचे चाक अधांतरी झाले की डिफरन्शियलमुळे तो निरुपयोगी होतो आणि गाडी घसरू शकते.

जोडीची निवड

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेले असतात. दोन्हींवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. कुर्ल्यासारख्या जुन्या भागांच्या बाजारातून खरेदी करताना हा क्रमांक पडताळणे ही पहिली अट. एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन बसविला, तर दात्यांची संख्या बरोबर असूनही ती जोडी आवाज करते आणि लवकर मरते.

दुसरी अट क्राऊन ज्यावर बसतो त्या डब्याची, म्हणजे कॅरिअरची. सीजे मालिकेत बराच काळ वापरल्या गेलेल्या डाना-४४ जातीच्या आसात ३.७३ आणि त्याहून लहान गुणोत्तरांसाठी एक कॅरिअर, तर ३.९२ आणि त्याहून मोठ्यांसाठी दुसरा लागतो. ५.३८, ४.८८ आणि ४.२७ एकाच कॅरिअरवर बसतात. अमेरिकी गाड्यांतही असेच भेद आहेत. फोर्डच्या प्रसिद्ध नऊ इंची आसात तर संपूर्ण डिफरन्शियल पुढच्या बाजूने एकसंध बाहेर येते. त्यामुळे हौशी मालक दोन गुणोत्तरांचे दोन संच तयार ठेवून शर्यतीच्या दिवशी अदलाबदल करू शकतो. जीपचा आस मागचे झाकण उघडून, गाडीखालीच जुळवावा लागतो.

बसविण्याचे काम

क्राऊन-पिनियन हा सुटा भाग बोल्ट सोडून बदलण्याच्या जातीचा नाही. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली ठेवणारी हायपॉइड रचना १९२६ मध्ये पॅकार्ड मोटारीत प्रथम आली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली. तिच्यामुळे शाफ्ट खाली बसतो आणि दाते मजबूत होतात. पण दाते एकमेकांवर लोळतात तसेच घासतातही. म्हणून त्यांची जागा केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने ठरवावी लागते.

त्यासाठी चार गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली पिनियनची खोली, म्हणजे तो क्राऊनच्या मध्याकडे किती आत बसला आहे; ती पातळ पत्र्यांच्या, म्हणजे शिमच्या साह्याने ठरते. दुसरी पिनियनच्या बेअरिंगवरचा पूर्वताण. तिसरी क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवरचा ताण. चौथी दोन दात्यांमधील मोकळीक. या जातीच्या आसात ती साधारणपणे ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते. ही मोकळीक डायल गेजने, क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजावी. हाताने हलवून अंदाज घेणारा कारागीर कितीही अनुभवी असला, तरी येथे त्याच्या बोटांवर विसंबू नये.

अंतिम पुरावा रंग देतो. क्राऊनच्या काही दात्यांवर शेंदरासारखा लाल किंवा निळा रंग लावून, किंचित अडवीत, तो दोन्ही दिशांना फिरवितात. दात्यावर उमटलेला ठसा मध्यभागी हवा. ठसा दात्याच्या शेंड्याकडे गेला असेल तर पिनियन दूर आहे, तो आत घ्यावा. मुळाकडे गेला असेल तर पिनियन फार आत आहे, तो बाहेर घ्यावा. ठसा दात्याच्या आतील टोकाला उमटला तर क्राऊन पिनियनपासून दूर सरकवावा, बाहेरील टोकाला उमटला तर जवळ आणावा. अनेकदा ही कसरत चार-पाच वेळा करावी लागते. अर्ध्या दिवसात दोन्ही आस तयार करून देण्याचे आश्वासन मिळाले, तर ठसा पाहिला जाणार नाही असे समजावे.

या आसाला जीएल-५ दर्जाचे ऑइल लागते. घासणाऱ्या दात्यांवर दाबाखाली टिकणारा थर त्यातील रसायने तयार करतात. तेच ऑइल जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र घालू नये, कारण तेथील पितळी कड्यांना ते मानवत नाही. गिअरबॉक्सला जीएल-४ योग्य.

नवी जोडी रुळविण्यासाठी रेवस ते अलिबाग हे अंतर सोयीचे आहे. पंचवीसेक किलोमीटर मध्यम वेगाने जावे, हाऊसिंगला हात लावता येईल इतके गार होऊ द्यावे आणि मग परतावे. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये, नंतर ऑइल बदलावे. वेग वाढविताना येणारा बारीक सूर आणि पाय उचलल्यावर येणारा सूर वेगळे असतात; कोणता कधी येतो हे लिहून ठेवल्यास कारागिराला दोष शोधणे सोपे जाते.

खाऱ्या पाण्याचा धोका

रेवस परिसरात एक काळजी अधिक घ्यावी लागते. प्रवासाने तापलेला आस भरतीच्या पाण्यात उतरला की हाऊसिंगमधील हवा एकाएकी आकसते आणि सीलमधून किंवा वरच्या श्वासनळीतून खारे पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसू लागले की ते घडले असे समजावे आणि त्याच दिवशी बदलावे. खाऱ्या पाण्यात एक पावसाळा काढलेल्या बेअरिंगवर खड्डे पडतात आणि त्यासोबत सारी जुळवणी व्यर्थ जाते. श्वासनळीला रबरी नळी जोडून ती शरीराच्या उंच भागापर्यंत नेणे, हा स्वस्त आणि उत्तम उपाय आहे.

वेगासोबत येणाऱ्या जबाबदाऱ्या

जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून फिरतो, म्हणजे आसाच्या अलीकडे. आसाचे गुणोत्तर बदलल्याचे त्याला कळत नाही. ५.३८ च्या जागी ४.२७ बसविल्यावर काटा ५० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावत असते. काटा ८० वर ठेवून निर्धास्त असलेला चालक अटल सेतूची ताशी १०० ची मर्यादा गाठून बसतो. स्पीडोमीटरचे दंतचक्र बदलून किंवा मीटर नव्याने जुळवून घेणे, हा या कामाचाच भाग मानला पाहिजे.

ब्रेकचा विचार त्याहून गंभीर. जुन्या विलिसचे नऊ इंची ड्रम ब्रेक पन्नास-साठच्या वेगासाठी होते. नव्या गुणोत्तराने गाडी नव्वदला सहज पोहोचते. थांबण्याची तिची ताकद मात्र तेवढीच राहते. उतारावर इंजिन गाडीला जो आवर घालते, तोही एक पंचमांशाने घटतो. शाफ्टवरचा हँडब्रेकही आसाच्या गुणोत्तरातूनच चाकाला धरतो, त्यामुळे धक्क्याच्या उतारावर त्याची पकडही तितकीच कमी होते. आधी ब्रेक, मग गुणोत्तर, हा क्रम पाळणेच शहाणपणाचे.

अन्य मार्ग

गुणोत्तर न बदलताही काही साधता येते. ६.००-१६ ऐवजी ७.००-१६ चे टायर घातले तर चाकाचा परीघ वाढतो आणि ५.३८ चा आस साधारण पाचाच्या आसपास असल्यासारखा वागतो. दोन्ही आसांना हा बदल आपोआप सारखा लागू होतो. मात्र स्टिअरिंग जड होते, ब्रेकवर ताण वाढतो आणि मडगार्डला टायर घासत नाही ना, हे पाहावे लागते.

दुसरा मार्ग पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा. त्यातील पाचव्या गिअरचे गुणोत्तर एकाहून कमी असते. महामार्गावर इंजिन शांत राहते आणि पहिल्या गिअरची ओढ शाबूत राहते. गुणोत्तर बदलताना जे गमवावे लागते, ते येथे वाचते. त्याची किंमत म्हणजे शाफ्टची लांबी, गिअरबॉक्सचे आधार आणि क्लचची जोडणी, हे सारे नव्याने करावे लागते.

कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. नोंदणी प्रमाणपत्रात आसाचे गुणोत्तर नोंदलेले नसते. इंजिनाचा क्रमांक, इंधन, आसनसंख्या, वजन हे तपशील असतात. म्हणून केवळ दात्यांची जोडी बदलणे आणि इंजिनच बदलणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. तरीही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या वेळी तपासणी असतेच. रायगडच्या एमएच-०६ क्रमांकाच्या गाड्यांनी पेणच्या परिवहन कार्यालयात बदलापूर्वीच विचारणा केलेली बरी, आणि विमा कंपनीलाही कळवावे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी; सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती चालविता येते. जपणुकीची गाडी आणि प्रवासाची गाडी यांपैकी आपली कोणती, हा निर्णय मालकाने गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच केलेला असावा. मूळ क्राऊन-पिनियन दोन्ही बाबतींत भंगारात देऊ नये. ग्रीस लावून, जोडक्रमांकाची चिठ्ठी बांधून ते जपून ठेवावे. बदल परत फिरविता येणे ही जुन्या वाहनांच्या जतनातील मोठी सोय आहे.

कोणाला कोणता आकडा

ज्यांची जीप रेवस, मांडवा, चोंढी, अलिबाग एवढ्याच परिसरात फिरते, ओझे वाहते आणि बोटीचा ट्रेलर ओढते, त्यांनी ५.३८ ला हात लावू नये. मूळ आखणी त्यांच्याच कामासाठी झाली आहे. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी मुंबई गाठणाऱ्या पेट्रोल जीपला ४.८८ पुरेसे आहे. त्यात ओढ जेमतेम नऊ टक्क्यांनी घटते आणि लष्करी विलिस याच गुणोत्तरावर युद्धभर धावली होती. दर आठवड्याला अटल सेतू ओलांडणारी, डिझेल इंजिनाची आणि चांगल्या ब्रेकची गाडी असेल तर ४.२७ घ्यावे. ३.७३ चा विचार मूळ पेट्रोल इंजिनासाठी करूच नये.

रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या खाडीपुलाची चर्चा या किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून आहे. तो वाहतुकीला खुला होईल तेव्हा वळशाचा रस्ता संपेल आणि जुन्या जीपला मुंबई आणखी जवळ येईल. परंतु पुलाच्या अलीकडे धक्क्याचा उतार आणि ओली रेती तशीच राहणार आहे. आकडा निवडताना मालकाने पुलावरच्या तासाभराचा जेवढा विचार केला, तेवढाच या शेवटच्या शंभर मीटरचाही करावा. रुतलेली गाडी बाहेर काढताना तीच शंभर मीटर सर्वांत लांब वाटतात.